न बदलणाऱ्या गाडीची स्वस्ताई

जुन्या फियाटचा विषय निघाला की मराठी माणूस एक तर हळवा होतो, नाही तर वैतागतो. हळवे होणाऱ्यांना स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढचे अखंड, बाकासारखे सीट आठवते. वैतागणाऱ्यांना आठवते ती भर मे महिन्यात रस्त्यात बंद पडलेली गाडी आणि मागून धक्का मारणारे पाहुणे. दोघेही खरेच बोलतात. पण या आठवणींच्या भरात एक प्रश्न मागे राहतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच कामाचा आहे. ही गाडी भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात परवडली कशी? कारखाना कुर्ल्याला, जवळपास नऊशे किलोमीटर दूर. मोठी बाजारपेठ म्हणजे नागपूर, साठेक किलोमीटरवर. जिल्हा धानाचा आणि तलावांचा. नगद पैसा हंगामापुरता. तरीही धानाचे व्यापारी, डॉक्टर, वकील, कंत्राटदार यांच्या दारात दुसऱ्या-तिसऱ्या हाताची का होईना, फियाट उभी राहिली आणि वर्षानुवर्षे चालली. माझे म्हणणे असे की, जिच्यासाठी या गाडीने सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या ती गोष्ट, म्हणजे तिचे वर्षानुवर्षे न बदलणे, हीच तिला जिल्ह्याच्या आवाक्यात घेऊन आली. तिचा आनंद आणि तिचा ताप या दोन्हींचे मूळ एकच आहे.

गाडीची वंशावळ थोडक्यात सांगायला हवी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. सुरुवातीला परदेशी गाड्यांचे सुटे भाग आणून जोडणी करण्याचे काम चाले. पुढे टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने नुसत्या जोडणीवाल्यांना दार बंद केले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला आणि जे इथेच भाग बनवायला तयार होते ते टिकले. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला. १९५३ साली युरोपात आलेली फियाट ११०० लगेचच कुर्ल्यात बनू लागली आणि १९६४ पासून ‘डिलाइट’ हे तिचे रूप आले, जे इटलीत ११०० डी म्हणून १९६२ मध्ये निघाले होते. इटलीने १९६९ च्या सुमारास ११०० चे उत्पादन थांबवले. कुर्ल्याने थांबवले नाही. नाव बदलून ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, आणि १०८९ सीसीचे तेच इंजिन, तोच सांगाडा, तेच चारही चाकांचे ड्रम ब्रेक घेऊन २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. १९९० साली कोणी कोरी करकरीत पद्मिनी घेतली, तर त्याने अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गाडी नवी म्हणून घेतली. 

मात्र ‘न बदलणारी म्हणून स्वस्त’ हे समीकरण पहिल्या दिवसापासून लागू नव्हते, आणि इथेच बहुतेक आठवणी फसतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत फियाट स्वस्त नव्हतीच. लालबहादूर शास्त्रींनी घेतलेल्या फियाटची किंमत १२ हजार होती आणि त्यासाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजारांचे कर्ज काढले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. देशाच्या पंतप्रधानाला जी रक्कम कर्जाशिवाय जमली नाही, ती भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूरच्या शेतकऱ्याला जमण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून नंबर लागायला वर्षे लागत. उत्पादन परवान्याने बांधलेले, मागणी त्याच्या कितीतरी पट. १९६९ मध्ये सरकारने किमतीही कायद्याने बांधल्या आणि प्रीमियर ऑटोमोबाईल्स त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. बांधलेली किंमत आणि लांबलेली रांग एकत्र आली की जे व्हायचे तेच झाले: वापरलेली गाडी हातोहात मिळते म्हणून कोऱ्या गाडीपेक्षा महाग विकली जाऊ लागली. अशा बाजारात ‘स्वस्त जुनी गाडी’ नावाची वस्तूच संभवत नाही. गाडी दहा वर्षांची झाली तरी तिचे वय धरायला कोणी तयार नसे, कारण रांगेच्या टोकाला जी नवी मिळणार तीही हीच होती.

तिला म्हातारी ठरवले मारुतीने. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली. सुमारे ५० हजारांत जपानी बनावटीची, ७९६ सीसीची, सकाळी एका किल्लीत सुरू होणारी आणि लिटरला जास्त धावणारी गाडी मिळू लागली. मारुतीचे उत्पादन वाढत गेले तशी रांग आखडली आणि शहरातला फियाटवाला आपली गाडी काढायला लागला. नागपूरसारख्या शहरांतून सुटलेल्या या गाड्यांना गिऱ्हाईक मिळणार ते आजूबाजूच्या जिल्ह्यांतच. आता नीट लक्ष दिले पाहिजे ते पुढच्या गोष्टीकडे. बाजाराच्या नजरेत फियाट १९८५ नंतर जुनी झाली. कारखान्यात मात्र ती आणखी पंधरा वर्षे नवी होती. कुर्ल्यात पद्मिनी निघत होत्या, म्हणजे त्यांचे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, गॅस्केट, दारांचे पत्रे, काचा बनत होत्या. आणि १९९४ चा बहुतेक भाग १९६९ च्या गाडीला बसत होता, फार तर कानस लावून. किंमत पडलेली आणि सुटे भाग मुबलक, या दोन गोष्टी एरवी एकत्र नांदत नाहीत. इथे नांदल्या. जिल्ह्याला परवडलेली फियाट ही या मधल्या फटीची देणगी आहे. स्वातंत्र्यापासूनच्या साऱ्या फियाटयुगाला ती लागू करणे चूक ठरेल.

भंडाऱ्याने ही फट इतकी चांगली वापरली त्याला जागेचीही कारणे आहेत. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे या भागातून गेली, पण भंडारा शहराला टाळून. ‘भंडारा रोड’ हे स्टेशन वरठीला आहे, गावापासून दूर. ज्या गावाला रेल्वे गाठायलाही रस्ता तुडवावा लागतो तिथे रस्त्यावरच्या वाहनाचे मोल वाढते. उलट सुरतहून कोलकात्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, थेट शहरातून जात होता. भंडारा, लाखनी, साकोली ही सारी गावे त्याच्यावरची. ट्रकांच्या महामार्गावर वेल्डिंगवाले, कमानपाटेवाले, टायरवाले आपसूक बसतात, आणि ट्रकचा कमानपाटा ज्याला ठोकून सरळ करता येतो त्याला फियाटच्या मागच्या चाकांचे पाटे म्हणजे हलके काम. दुसरा आधार धानाचा. राईस मिलला शाफ्ट, बेअरिंग, पुली कायम लागतात आणि हंगामात मिल एक दिवसही बंद ठेवून चालत नाही, म्हणून धानपट्ट्यात लेथ चालवणारा माणूस हाताशी असतो. इंजिनाला बोअर करायचे, स्लीव्ह बसवायची, झिजलेला दांडा भरून घासायचा, ही कामे त्याच यंत्रावरची आणि त्याच हातांची. तिसरा आधार धातूचा. भंडाऱ्याची ओळखच पितळी भांड्यांची. आणि फियाटचा रेडिएटर होता तांब्या-पितळेचा. तो गळू लागला तर नवा घ्यायची गरज नसे. भोक शोधायचे, जागा घासून लख्ख करायची आणि डाख लावायचा. ज्या गावात पिढ्यानपिढ्या पितळेला डाख लागत आला, तिथे हे काम जाणणारा शोधायला लांब जावे लागत नाही. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे. ते गळले की सरळ भंगारात. या गाडीत एक तरी भाग असा होता का, जो जिल्ह्यात उघडून, तापवून, घासून, पुन्हा बसवता येत नव्हता? मला तरी सापडत नाही, आणि जो अगदीच येत नसे तो नागपूरच्या एसटीत एखाद्या ओळखीच्या हाती मागवता येई.

याच गाडीचा तापही तेवढाच बारकाईने पाहायला हवा, कारण तोही न बदलण्यातूनच येतो. इटलीच्या हवामानासाठी आखलेले इंजिन, आणि भंडाऱ्याचा मे, जिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, इंजिनाच्याच कॅमवर चालणारा. गाडी पळत असेपर्यंत वारा लागतो आणि पेट्रोल वाहत राहते, म्हणून धावताना ती सहसा दगा देत नसे. पण रेल्वे फाटकाशी दहा मिनिटे थांबा: इंजिनाची धग पंपात आणि नळीत चढते, पेट्रोलची वाफ होते, आणि पेट्रोल ओढण्यासाठी बनलेल्या पंपाला वाफ ओढता येत नाही. फाटक उघडते, मागचे भोंगे वाजवू लागतात आणि गाडी नुसती खाकरते. उपाय सगळ्यांना ठाऊक होता. बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके टाकायचे, पाणी शिंपडायचे आणि वाट पाहायची. कुर्ल्याने मनावर घेतले असते तर पंपाची जागा बदलणे किंवा विजेचा पंप देणे अवघड नव्हते; पण गिऱ्हाईक रांगेत उभे असताना मनावर कोण घेणार? गिअरची कथा तशीच. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की दात कराकरा वाजत. याच भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८० च्या दशकापासून ट्रकांसाठी सिंक्रोमेश गिअरबॉक्स बनवत होता. म्हणजे महामार्गावरच्या दहा टनी गाडीचा गिअर अलगद पडायची सोय जिल्ह्यात होत होती आणि डॉक्टरसाहेब मात्र आपल्या छोट्या गाडीत क्लच दोनदा दाबून गिअर जुळवत बसत. पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पडणारे पाणी, रोवणीच्या दिवसांतला रस्त्यावरचा चिखल, आणि गंजाला रोखणारी नीट प्रक्रिया न झालेला पत्रा. तळाचा पत्रा आधी पायाखाली मऊ लागतो, मग एके दिवशी पायपुसणे उचलले की खालचा रस्ता दिसतो. इंजिन चार वेळा नवे करता येते, गंजलेला सांगाडा येत नाही. जिल्ह्यातल्या बऱ्याच फियाट शेवटी इंजिनाने नाही, पत्र्याने संपल्या असाव्यात.

माझे म्हणणे पारखून घ्यायचे तर अशा गाड्या पाहाव्यात ज्या छोट्या होत्या, स्वस्तही होत्या, पण टिकून बनत राहिल्या नाहीत. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड १९६१ ते १९७१ निघाली. दिसायला फियाटहून देखणी, वळायला चपळ, पुढचा सगळा भाग उघडत असल्याने दुरुस्तीला तर फारच सोयीची. तिच्यानंतरची गॅझेलही १९७० च्या दशकातच संपली, आणि मारुतीने जुन्या गाड्यांच्या किमती पाडल्या तोवर हेराल्डचे भाग बनवणारे उरलेच नव्हते. किंमत उतरली तेव्हा भाग गेलेले. फट उघडलीच नाही. बंगळुरूच्या सिपानीची डॉल्फिन १९८२ मध्ये आली, फायबरच्या अंगाची, म्हणजे गंजाचा प्रश्नच मिटलेला. तीही अल्पायुषी ठरली, आणि आज ती पाहिलेला माणूस शोधावा लागतो. टाटांची नॅनो तर जगातली सर्वांत स्वस्त म्हणून २००९ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१८ मध्ये थांबली. तीन उदाहरणे, तिन्ही गाड्या कुठल्या ना कुठल्या बाबतीत फियाटहून सरस. जिल्ह्याच्या गावात जुनी होऊन नांदण्याचे भाग्य तिघींपैकी कुणालाच फियाटइतके लाभले नाही. पहिल्या मालकाला गाडी काय भावाने पडली याने तिसऱ्या मालकाचे काही ठरत नाही. त्याचे भवितव्य ठरते ती गाडी कारखान्यात किती वर्षे जशीच्या तशी बनत राहिली यावर.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हे लायसन्स राजचे समर्थन झाले. एका पिढीला रांगेत उभे केले, मागासलेली गाडी गळ्यात मारली, आणि आता तिच्या मागासलेपणाचे गुण गायचे? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातले पहिले अर्धे मी जसेच्या तसे मान्य करतो. पण लाभ कोणाला झाला आणि किंमत कोणी मोजली, हे वेगवेगळे पाहिले पाहिजे. रांगेचा, चढ्या भावाचा आणि कारखान्याच्या बेफिकिरीचा भुर्दंड पहिल्या मालकाने भरला, जो बहुधा शहरातला होता. तिसऱ्या मालकाला मिळाले ते त्या बेफिकिरीचे उपउत्पादन. सरकारने किंवा कंपनीने भंडाऱ्याचा विचार करून काही केले असे कोणी म्हणणार नाही. शिवाय लायसन्स राज एकटा पुरेसा नव्हताच. मारुतीने रांग मोडली नसती तर फियाटची किंमत कधी उतरलीच नसती. बंद बाजाराने भाग दिले, खुल्या होत चाललेल्या बाजाराने भाव पाडले, आणि दोन्ही एकाच वेळी चालू होते ती काही थोडी वर्षेच. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि धुराचा. त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडणार नाही, कारण तो खरा आहे. ड्रम ब्रेक, पट्ट्याविना सीट, छातीसमोर येणारा स्टिअरिंगचा कडक दांडा आणि कार्ब्युरेटरचा धूर यांना परवडण्याच्या नावाखाली माफी मिळत नाही. फक्त एवढेच, की त्या काळात जिल्ह्यातल्या माणसापुढे पर्याय सुरक्षित गाडीचा नव्हता. होता तो मागे दोघा-तिघांना बसवून चालवलेल्या स्कूटरचा.

मग पुढे हाच खेळ मारुतीच्या वाट्याला आला, आणि माझ्या मते हा सर्वांत बळकट पुरावा आहे. जिने फियाटला म्हातारी केले ती ८०० १९८६ मध्ये नव्या अंगाने आली आणि मग २०१४ च्या जानेवारीपर्यंत थोड्याफार फरकाने तशीच राहिली. २००० मध्ये आल्टो आली, शहराची नजर तिकडे वळली, ८०० ची किंमत पडली. पण ती कारखान्यात आणखी तेरा-चौदा वर्षे नवी होती. म्हणजे फट पुन्हा उघडली, तेवढ्याच रुंदीची. तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनाचे घराणे तर आणखी लांबले: ओम्नीत २०१९ पर्यंत, आल्टो ८०० मध्ये २०२३ पर्यंत. आज भंडारा, तुमसर, पवनीच्या रस्त्यांवर जुनी स्वस्त छोटी गाडी म्हणून जी दिसते ती फियाट राहिलेली नाही, ती एमएच ३६ या भंडाऱ्याच्या नंबराची ८०० आहे. दरम्यान फियाटच्या भागांचे शेवटचे मोठे गिऱ्हाईकही गेले. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. कारखाना बंद झाल्यावरही इतकी वर्षे त्या टॅक्सींमुळे कोणी ना कोणी भाग बनवत होते. तो आधार आणि आल्टो ८००, दोन्ही एकाच वर्षी संपले.

आता कायदाही या फटीवर पाय देऊन उभा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी १० हजार. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मोठ्या शहरांतल्या लाखो गाड्यांच्या धुरासाठी आखलेला विचार लाखांदूरच्या महिन्यातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीला त्याच दराने लागतो. व्हिंटेजची सवलत आहे, पण २०२१ च्या त्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांची, मूळ रूपात जपलेली, सांगाडा-बॉडी-इंजिनात मोठे बदल न केलेली हवी; आणि ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोजच्या वापराला नाही. १९७४ ची पद्मिनी आता या वयात बसते. मात्र ती पन्नास वर्षे जगली ती पत्रा बदलून आणि दुसऱ्या गाडीचा भाग कानस लावून बसवल्यामुळेच, म्हणजे मूळ रूपाच्या अटीत ती अडकणार. संग्राहकाच्या गॅरेजमधल्या झाकलेल्या गाडीसाठी नियम सोयीचा आणि वापरात राहिलेल्या गाडीसाठी गैरसोयीचा, असे हे उफराटे गणित आहे. शुल्क गाडीच्या वयावर न लावता तपासणीत तिचे ब्रेक, तिचा धूर आणि तिचा सांगाडा कसा निघाला यावर लावता येईल. तपासणी तशीही करायचीच असते. आणि सडक्या तळाची बारा वर्षांची गाडी रस्त्यावर राहावी, नीट ठेवलेली एकवीस वर्षांची ८०० केवळ १० हजारांच्या पावतीपायी भंगारात जावी, याला प्रदूषणाचे किंवा सुरक्षिततेचे कोणतेही कारण पुरत नाही.